लाईट गेली आणि आलीच नाही तर

परवा रात्री साडेअकराला तू विचारलंस, "ताई, समज सगळंच कोलमडलं, सरकार नाही, पगार नाहीत, कुणी कुणाचं ऐकत नाही, तर लाईट किती दिवस राहील गं? आणि नळाला पाणी?" दोन ओळींत काहीतरी लिहून तुला झोपवता आलं असतं. पण तू पाथर्डी फाट्याला सहाव्या मजल्यावर राहतेस, घरात इन्सुलिन घेणाऱ्या सासूबाई आहेत, पिल्लू अजून अंगावर पितंय. तुझ्यासारखीला हा प्रश्न पडावा यात नवल नाही. म्हणून सवडीने लिहितेय. चहा ठेव आणि वाच.

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. वीज चालवणारी माणसं एका रात्रीत कामावर यायची थांबली, तर लाईट काही तास टिकेल, फार तर एखादा दिवस. माणसं आली पण कोळसा येईना, तर काही दिवस ते तीन-चार आठवडे. माणसंही आली, कोळसाही आला, पण तारा-खांब दुरुस्त करायला कुणी नाही, तर वळवाच्या पहिल्या पावसापर्यंत. आणि पाणी लाईटच्या मागोमाग जाईल, कारण नाशिकचं पाणी विजेवर चढतं. यातलं कुठलंही उत्तर ऐकून घाबरू नकोस. पुढे वाच.

आपण दोघी एकलहऱ्याला थर्मलच्या, म्हणजे औष्णिक वीज केंद्राच्या, कॉलनीत वाढलो. तू लहान होतीस, तरी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी राखेची पूड तुला आठवत असेल. आई कपडे झटकून झटकून आत घ्यायची. अण्णा कोळशाच्या बाजूला होते. विदर्भातून मालगाडी यायची, टिपलरवर एकेक वाघीण पालथी व्हायची, कोळसा पट्ट्यावरून क्रशरला जायचा आणि तिथून बॉयलरच्या वरच्या बंकरमध्ये. नाईटहून आले की अण्णांच्या डोळ्यांच्या कडा काळ्या असायच्या, साबणाने दोनदा धुतल्या तरी. लाईट म्हणजे आपल्याला ते डोळे ठाऊक होते. बटण नंतर.

आज तिथे 210 मेगावॉटचे तीन संच आहेत, 1979 ते 1981 या काळात आलेले. त्याआधीचे 140 चे दोन केव्हाच निवृत्त झाले. एक 210 चा संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाकाठी तीन हजार टनांच्या आसपास कोळसा जाळतो. एका मालगाडीत येतो साधारण चार हजार टन. म्हणजे तिन्ही संच चालवायचे तर रोज दोन-अडीच गाड्या हव्यात, रोज, दिवाळीलाही. बंकरमध्ये असतो तो जेमतेम काही तासांचा साठा. बाकी सगळा यार्डात, आणि तो आपण होऊन वर चढत नाही.

पण कोळसा संपण्याच्या कितीतरी आधी लाईट जाईल. वीज फार थोडी साठवता येते. या क्षणी तुझ्या घरात जो पंखा फिरतोय, त्याची वीज याच क्षणी कुठेतरी तयार होतेय. साऱ्या देशाचं जाळं सेकंदाला 50 आवर्तनांच्या ठोक्यावर चालतं. मागणी वाढली की ठोका मंदावतो, घटली की चढतो. आजीबरोबर जात्यावर बसलेली तुला आठवतेय ना? समोरचीने खुंट्यावरचा हात एकदम काढला की जातं हिसका देतं आणि दुसरीचा खांदा भरून येतो. जाळ्यात तसंच होतं, फक्त तिथे खांदा भरून यायच्या आत यंत्रं स्वतःला वाचवायला बाहेर पडतात. त्याला ट्रिप होणं म्हणतात. एक संच ट्रिप झाला की त्याचा भार दुसऱ्यावर, तो ट्रिप झाला की तिसऱ्यावर. हे होऊ नये म्हणून ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात चोवीस तास माणसं बसलेली असतात. कुठल्या संचाने किती वाढवायचं, कुठे कमी करायचं, सतत निरोप देत असतात. त्या खुर्च्या रिकाम्या झाल्या तर पहिल्याच संध्याकाळी, सगळ्या घरांत दिवे लागायच्या वेळेला, जाळं तुटायला लागेल.

तुला 5 एप्रिल 2020 ची रात्र आठवते? नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करून पणत्या लावायच्या होत्या. आपण गॅलरीत उभ्या होतो तेव्हा देशाची मागणी काही मिनिटांत एकतीस हजार मेगावॉटहून जास्त घसरली आणि पुन्हा वर गेली. मागणी घटली तशी देशभरातल्या जलविद्युत केंद्रांनी आपली वीज झपाट्याने उतरवली आणि मग पुन्हा चढवली. ठोका जरा हलला, पण तुटला नाही. पणत्या आपण लावल्या, खरा जागर त्या कंट्रोल रूममध्ये चालला होता.

आणि एकदा सगळा अंधार झाला की थर्मल आपलं आपण उठू शकत नाही, हे फार लोकांना माहीत नसतं. बॉयलरला पाणी देणारे पंप, हवेचे पंखे, कोळशाच्या चक्क्या, सगळं विजेवर. म्हणजे वीज करायलाच आधी वीज लागते, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. ती पुरवावी लागते पाण्याच्या वीजघरांनी. आपल्याकडे त्यातलं सगळ्यांत मोठं कोयना, 1960 मेगावॉटचं. आपल्या जिल्ह्यात इगतपुरीजवळ वैतरणेवर 60 मेगावॉटचं लहानसं आहे. दार उघडलं, पाणी पात्यांवर पडलं की ते फिरायला लागतं. तुझ्या त्या जगबुडीनंतरही कुठे दिवा लागलेला दिसेल तर तो अशाच धरणाच्या पायथ्याच्या गावात, आणि तोही तिथे जाणकार माणूस राहिला असेल तरच.

मोठं जाळं कोसळल्याची उदाहरणं आपण पाहिली आहेत. 30 आणि 31 जुलै 2012 ला उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही गेले. साठ कोटींच्या वर माणसं. आपलं पश्चिमेचं जाळं वेळेत वेगळं झालं म्हणून तगलं, आपल्याकडे दिवे चालू होते. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबई गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. 28 एप्रिल 2025 ला भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल गेले. आणि तिन्ही वेळा वीज परत आली, मुंबईत काही तासांत, स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी दुसऱ्या सकाळपर्यंत. कारण यंत्रं बंद पडली होती, माणसं जागेवर होती. मला तुला सांगायचं आहे ते एवढंच आहे खरं तर. बाकीचं पत्र त्याचेच पुरावे आहेत असं समज.

कोळशाचं बघ. ऑक्टोबर 2021 मध्ये देशभर कोळशाची टंचाई झाली. महाराष्ट्राला वीज देणारे 13 संच एकदम बंद पडले, 3330 मेगावॉट गेले, आणि त्यात आपल्या एकलहऱ्याचा एक संचही होता. तेव्हा समाज कोसळला नव्हता. पाऊस लांबला होता, खाणीत पाणी होतं, बाहेरचा कोळसा महागला होता, बस्स. खाणीपासून लांबच्या केंद्रांनी वीस ते सव्वीस दिवसांचा साठा ठेवावा, असा नियम त्यानंतर झाला. तुला मघाशी तीन-चार आठवडे म्हटलं ते यावरून. यार्ड भरलेलं असेल तर. नसेल तर चार दिवस.

आता वायरमन. फांदी तारेवर पडली, तारांचा जोड तुटला, खांबावरचा फ्यूज पडला, डीपीतून म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून धूर आला, असं नाशिकमध्ये कुठे ना कुठे रोज होतं. आपल्याला कळत नाही, कारण कुणीतरी काठी घेऊन जातं आणि तासाभरात फेज येतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि त्याच रात्री विरत विरत आपल्या नाशिकवरूनही गेलं. इकडे झाडं पडली, पाऊस झाला. तिकडे श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडला खांबच्या खांब आडवे झाले. दुसऱ्या जिल्ह्यांतून वायरमनच्या टोळ्या गेल्या, भर पावसात खड्डे खणून खांब उभे केले, तरी कितीतरी वाड्यांना लाईट यायला आठवडे लागले. दुसऱ्या जिल्ह्यातून कुणी जाणारच नसतं, तर त्या वाड्या अजून अंधारात असत्या. जानेवारी 2023 मध्ये तिन्ही सरकारी वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी 72 तासांचा संप पुकारला होता. 4 तारखेला सुरू झाला आणि त्याच दिवशी चर्चा होऊन मागे घेतला गेला. तेवढ्या काही तासांत राज्यात ठिकठिकाणी साधे बिघाड तसेच पडून राहिले. मी संपाच्या बाजूने की विरुद्ध हे सोड. त्या दिवशी एक गोष्ट उघडी पडली, ती बघ.

लाईटचं हे झालं. मला त्याहून काळजी पाण्याची वाटते.

मुंबईच्या धरणांचं पाणी बरंचसं उतारानेच शहरापर्यंत येतं, तानसाचं तर 1892 पासून. आपलं तसं नाही. गंगापूर धरण डोळ्यांसमोर आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. पण ते पाणी धरणावरच्या पंपिंग स्टेशनमधून उचलावं लागतं, जलशुद्धीकरण केंद्रात न्यावं लागतं, शुद्ध करून जलकुंभात चढवावं लागतं, आणि मग नळाला. पंपांसाठी सातपूरहून वेगळी वीजवाहिनी आहे, एक्स्प्रेस फीडर म्हणतात तिला, म्हणजे मधे दुसरं कुणी त्यावर नसतं. तुमच्या पाथर्डी फाट्याकडे मुकणे धरणाचं पाणी विल्होळीहून येतं, तेही पंपानेच. शनिवारी दुरुस्तीसाठी शहराचा पाणीपुरवठा बंद ठेवला की रविवारी सकाळी नळाला कशी करंगळीएवढी धार असते, बघतेस ना? एका दिवसाच्या बंदचा हा परिणाम. वीज कायमची गेली तर जलकुंभात असेल तेवढं, म्हणजे एक दिवसाचं धर. मग तुमच्या सोसायटीच्या खालच्या टाकीतलं. ते वर चढवायला पुन्हा मोटर.

त्यात अजून एक माणूस आहे. आमच्या गल्लीत पहाटे पाचच्या सुमारास तो येतो. सायकल भिंतीला टेकवतो, रस्त्यातलं लोखंडी झाकण पायाने सरकवतो, आणि उंच टी-आकाराची चावी खाली सोडून दोन्ही हातांनी फिरवतो. किती आटे फिरवायचे हे तो मोजत नाही, हाताला कळतं त्याच्या. मग वाकून कान देतो. पाणी सुटल्याचा घरघर आवाज आला की झाकण लावून पुढच्या कोपऱ्यावर. कुठल्या गल्लीला दाब कमी येतो, कुठला व्हॉल्व्ह अर्धाच उघडायचा, कुठली जुनी लाईन पूर्ण दाबाने फुटते, हे सगळं त्याच्या डोक्यात आहे. एखाद्या कागदावर असेल, पण त्या कागदावर मी भरवसा ठेवणार नाही. मी त्याला एकदा चहा विचारला तर म्हणाला, "ताई, अजून पाच गल्ल्या राहिल्यात."

आणि जे पाणी आत येतं ते बाहेरही जायला हवं. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथली मलनिस्सारण केंद्रं विजेवर चालतात. ती थांबली की शहराचं सांडपाणी सरळ गोदावरीत. रामकुंडाच्या खाली नदीवर जी गावं आहेत, त्यांच्या विहिरींचं काय होईल? अंधाराने फार माणसं मरत नाहीत, पोरी. जुलाब आणि काविळीने मरतात. सिनेमात हे दाखवत नाहीत, कारण ते बघायला नको वाटतं. पण तू आई आहेस, तू याचाच विचार आधी कर.

आपल्या राज्यात एका शहराने हे एका दिवसात पाहिलं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं. पुण्यात पूर आला हे सगळ्यांना माहीत असतं. पूर ओसरल्यावर शहराला पाणी पुरवणारं धरणच उरलं नव्हतं, हे लोक विसरतात. नळ कोरडे, वीज नाही, घरात गुडघाभर चिखल, आणि तो धुवायलाही पाणी नाही. पुणं तरीही उठलं. बाहेरून मदत आली, लष्कर आलं, शेजारच्या वस्त्यांनी आपल्या विहिरी मोकळ्या केल्या. आता विचार कर, नाशिकच्या जुन्या वाड्यांतल्या विहिरी कुठे गेल्या? पंचवटीत, जुन्या नाशकात कितीतरी बुजवल्या, काहींवर जाळी टाकून निर्माल्य साठलंय. बोअर चारशे फुटांवर, त्यांनाही मोटर. मला याचं खरंच वाईट वाटतं. चालू स्थितीतली एक विहीर गल्लीत असणं ही केवढी मोठी ठेव आहे, आणि आपण ती पार्किंगखाली गाडली.

तू विचारलेलं कोलमडणं मात्र बहुतेक असं एका रात्रीत होत नाही. लेबनॉनचं वाच कधी. तिथे पैसा संपला, इंधन घ्यायला चलन उरलं नाही, आणि 9 ऑक्टोबर 2021 ला देशातली दोन मोठी वीज केंद्रं इंधनावाचून बंद पडली, सगळा देश अंधारात. मग लष्कराच्या साठ्यातलं इंधन देऊन जाळं पुन्हा उठवलं. तरी रोज मिळायची तासा-दोन तासांची वीज. बाकी वेळ गल्लीतल्या जनरेटरवाल्याकडे महिन्याचे पैसे भरायचे. श्रीमंताच्या छतावर सोलर, गरिबाकडे मेणबत्ती. लाईट संपत नाही, ती आखूड होत जाते आणि काहींच्याच घरी राहते. आपल्या निफाड-सिन्नरच्या माणसाला हे परकं वाटणार नाही. 2005 नंतरची ती वर्षं आठव, गावाकडे बारा-चौदा तास भारनियमन. मामा रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन द्राक्षबागेची मोटर लावायला जायचे, कारण तेव्हाच फेज यायचा. साप चावून माणसं गेली त्यात. ते कोलमडणंच होतं, फक्त शहराला ते दिसलं नाही.

आणि शहराला दिसलं तेही सांगते. 1 जानेवारी 2024 ला ट्रक आणि टँकरचालकांनी नव्या कायद्यातल्या कलमाविरुद्ध काम बंद केलं. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, उत्तर महाराष्ट्राचं पेट्रोल-डिझेल तिथून जातं. टँकर उभे राहिले आणि त्याच दिवशी संध्याकाळपासून नाशिकच्या पंपांवर रांगा. तू दुसऱ्या दिवशी मला फोन करून म्हणालीस, पंपावर मारामारी बघून आले. दिल्लीत बोलणी होऊन संप मिटला, टँकर हलले. इतक्या थोड्या अवधीत! तुमच्या सोसायटीचा जनरेटर, मोबाईलचे टॉवर, दवाखान्यांचे जनरेटर, सगळे त्याच डिझेलवर. टॉवरच्या बॅटऱ्या काही तास काढतात. पुढे डिझेल.

आता दुसरी बाजू ऐक, नाहीतर पुन्हा झोप उडेल तुझी. 2020 च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या, सातपूर-अंबडचे कारखाने थांबले, शाळा-देवळं बंद झाली, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. आपल्या पिढीने पाहिलेलं कोलमडण्याच्या सर्वांत जवळचं तेच. आणि त्या साऱ्या काळात आपल्या घरातले दिवे चालू होते, नळाला पाणी होतं, घंटागाडी येत होती. ज्याला त्याला मरणाची भीती होती, तरी माणसं पाळीवर जात होती. घरी आली की दाराबाहेर कपडे काढत होती, मुलांना जवळ घेत नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जात होती. थर्मलमधले, उपकेंद्रातले, पंपिंगवरचे, गटारात उतरणारे. मला त्यांच्याबद्दल जे वाटतं ते लिहिताना गळा दाटतो.

कोरोनाच्या त्याच साथीत 21 एप्रिल 2021 ला महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. दाब गेला. अर्धा तास, आणि त्या दिवशी 22 माणसं गेली. त्या दिवशी शहरात वीज होती, रस्ते चालू होते, डॉक्टर जागेवर होते. एका नळीतला पुरवठा तेवढा थांबला. ‘किती दिवस टिकेल’ हे आपण घरासाठी विचारतो. काही माणसांसाठी तो प्रश्न मिनिटांचा असतो, आणि तुझ्या सासूबाईंसारख्यांसाठी दिवसांचा. म्हणून तयारी त्यांच्यापासून सुरू करायची.

इन्सुलिनचं त्यांच्या डॉक्टरांना विचारून घे, पण साधारण असं की वापरात असलेली बाटली ऊन लागू न देता खोलीत महिनाभर चालते. न उघडलेल्या बाटल्यांना फ्रिज लागतो. लाईट नसेल तर मातीच्या मडक्यात ओली वाळू, त्यात झाकणाचा डबा, डब्यात बाटली, आणि मडकं वाऱ्यावर सावलीत. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात हे चांगलं गार राहतं. एक बाटली नेहमी जास्तीची असू दे.

पाणी: प्यायला, स्वयंपाकाला आणि जुजबी स्वच्छतेला माणशी दिवसाला पंधरा लिटर धर. चौघांना तीन दिवस म्हणजे 180 लिटर. बाथरूमच्या माळ्यावर पडलेला तो निळा 200 लिटरचा पिंप धुऊन वापरात आण, दर शनिवारच्या आत पाणी बदल, जुनं झाडांना घाल. आरओ मशीन विजेवर चालतं हे लक्षात ठेव. गढूळ पाणी सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळायचं, मग खळखळून उकळायचं. गॅस वाचवायचा असेल तेव्हा आशाताई देतात त्या मेडिक्लोरच्या थेंबांची बाटली. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण वाच, अंदाजाने घालू नकोस.

तुझ्या नवऱ्याला सांग, सोसायटीच्या छतावर सोलर बसवलंय म्हणून निश्चिंत राहू नये. साधं सोलर महावितरणच्या लाईनला जोडलेलं असतं, आणि लाईन गेली की त्याचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला खालून झटका बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली आहे, आणि योग्यच आहे. आमच्या इमारतीत गेल्या उन्हाळ्यात लाईट गेली तेव्हा बायका गच्चीवर जाऊन बघून आल्या. भर दुपारचं ऊन, पत्रे तापलेले, आणि खाली मीटरशेजारच्या खोक्यावर लाल दिवा. अंधारातही सोलर हवं असेल तर बॅटरी असलेला, हायब्रिड म्हणतात तो इन्व्हर्टर लागतो. निदान पाण्याच्या मोटरपुरता तरी घ्या, असं मी सभेत मांडायला सांगेन. लिफ्ट नसली तर चालता येतं, पाणी नसलं तर सहावा मजला रिकामा करावा लागतो.

घरातल्या तुझ्या इन्व्हर्टरची बॅटरी 150 एएचची आहे ना? चांगल्या बॅटरीवर दोन पंखे आणि तीन-चार एलईडी दिवे पाच-सहा तास चालतील. टीव्ही लावलास तर कमी. रात्र काढायला तेवढं पुरे. दुसरा सिलिंडर भरलेलाच असू दे. पाइपचा गॅस आला तरी सिलिंडर परत करायची घाई करू नकोस. हजारेक रुपये सुट्या नोटांत घरात ठेव. नोटा छापणारा कारखाना आपल्या नाशिकरोडला आहे आणि तुझ्या पर्समध्ये एक नोट नसते, हे मला पटत नाही. फोन बंद पडला की भाजीवालीला काय देशील?

याच्यापुढे वर्षभराचं धान्य, बंदुका, तळघरं, असलं काही डोक्यात घेऊ नकोस. तीन दिवस आपल्या बळावर काढता आले तर पहिली घाबरगुंडी संपते, आणि तेवढ्यात माणसं भेटतात, ठरवतात, एकमेकांचं सामान काढतात. तीन दिवसांनंतर एकटं घर टिकत नाही, मग साठा कितीही असो. इमारत टिकते, गल्ली टिकते.

म्हणून तुला दोन कामं देते. सोसायटीच्या खालच्या टाकीचं झाकण कुलपात असतं, त्याची चावी कुणाकडे असते आणि वीज नसताना त्यातून बादलीने पाणी काढता येईल का, हे विचार. वॉचमनला माहीत असेल. दुसरं, तुमच्या घरापासून चालत जाता येईल असा चालू हापसा कुठे आहे ते शोध. पाथर्डी गावाकडे एखादा असेल, एखाद्या शाळेच्या आवारात असेल. नुसता उभा असून उपयोग नाही, दांडा मारून पाणी येतंय का बघ. बंद असेल तर नगरसेवकाच्या कार्यालयात अर्ज दे, आणि अर्जावर इमारतीतल्या दहा बायकांच्या सह्या घे. सह्यांसाठी दारोदार जाशील तेव्हा प्रत्येकीच्या घरात कोण आजारी, कोण म्हातारं, कुणाचं बाळ लहान, तेही विचारून ठेव. रविवारी येशील तेव्हा मला सांग काय काय कळलं ते, आणि सासूबाईंचं औषधांचं पान आण, आमच्या डॉक्टरांना दाखवून मडक्याचं विचारून घेऊ.